रविवारी कँटीन उघडं असतं का?

ता. ४ ऑक्टोबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू ‘बरी आहे’ एवढंच सांगून ठेवून देतेस, म्हणून पत्र. शिवाय काम मोठं आहे आणि फोनवर आई शेजारीच उभी असते.

मला फायनान्समध्ये मास्टर्स करायचंय, तेही तिकडे, युरोपातल्या एखाद्या बिझनेस स्कूलमध्ये. मार्क अठ्ठावन्न टक्के. दुसऱ्या वर्षी पुस्तकापेक्षा बॅडमिंटनची रॅकेट जास्त हातात होती, त्याची ही फळं. ऑडिटच्या ऑफिसात लोकांची खाती तपासून आता कंटाळले. पैसा कुठे गुंतवायचा हे जे ठरवतात त्यांच्या टेबलाशी मला बसायचंय. प्रवेश परीक्षा बरी गेली. आमचे साहेब म्हणतात, मधल्या फळीतल्या शाळा नुसते मार्क बघत नाहीत, माणूस बघतात. बाबा म्हणतात, अर्ज यंदा एकदाच, नाही जमलं तर आहे ती नोकरी धर आणि गप्प बस.

तीन शाळा काढल्यात. एक मोठ्या नावाची, ती आपली उगाच. दुसरी तुझ्याच गावातली, सगळी काचेची. तिसरी तुझ्यापासून रेल्वेने पाच तासांवर, जुन्या कापडगिरणीत भरते. पालकांसाठी शाळा बघायचा दिवस असतो. तू जाशील? माहितीपुस्तकात सगळेच हसतात, मला तुझे डोळे हवेत. दिवसभर दुसऱ्यांच्या चष्म्यांची भिंगं घासतेस, तुला तरी नीट दिसत असेल.

लोभ आहेच, त्यात काटकसर करू नकोस.

तुझी,
भिंगरी


ता. १९ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी जिन्यातच उभी राहून वाचलं. अठ्ठावन्न म्हणजे काही नापास नव्हे. तुझ्या आईला आणि मला मिळून तेवढे पडायचे.

शनिवारी काचेची शाळा बघून आले. दारात एका मुलीने माझ्या कोटावर ‘पालक’ असा बिल्ला लावला. मी मावशी आहे हे सांगणार होते, पण मागे रांग होती. इमारत अशी की जिकडे बघावं तिकडे आपणच दिसतो. कॉफी फुकट, बिस्किटं फुकट. एका गृहस्थांनी पडद्यावर उंच उंच बँकांचे फोटो दाखवले आणि आमची मुलं इथे जातात म्हणाले. कुणाला काही विचारायचंय का म्हणाले, तर कुणीच हात वर करेना, म्हणून मी केला. विचारलं, रविवारी कँटीन उघडं असतं का. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. ते म्हणाले, बंद असतं, रविवारी मुलं आपापल्या घरी असतात.

तू म्हणशील हा काय प्रश्न झाला. अगं, परक्या गावात सोमवार ते शनिवार कसेही जातात, माणूस कामाला जुंपलेलं असतं. रविवार जात नाही. तुझे काका गेल्यापासून तर मी तो नुसता ढकलते. दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि घरात भांडं पडलं तरी ते आपल्याच हातून पडलेलं. पण तू इथे आलीस तर कँटीन हवंय कशाला? माझं घर शाळेपासून दोन थांब्यांवर. मागच्या खोलीतलं शिवणयंत्र हलवता येईल, एवढं आपलं सांगून ठेवते.

बिल्ला घरी येईपर्यंत काढायचा राहिला. बसमध्ये एका बाईने विचारलं, मुलगा का मुलगी. मी मुलगी म्हणून सांगितलं.

आठवण येते ती येऊ दे, थांबवू नकोस.

तुझी,
मावशी


ता. ११ नोव्हेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझ्यापुढे हात टेकले. फायनान्सची शाळा बघायला पाठवली आणि तू कँटीनचं कुलूप बघून आलीस. आता गिरणीच्या शाळेत जाशील तेव्हा नोकरीचं विचार बाई. शिकून बाहेर पडलेली मुलं नेमकी कुठे जातात, काय काम करतात, कमी मार्कांच्या मुलांचं पुढे काय होतं. हे सगळं विचारून झालं की मग खुशाल कँटीन.

मोठ्या नावाच्या शाळेने दोन ओळींत नकार कळवला. तयारी होती, तरी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. इथे सांगणार कुणाला? मैत्रिणी मार्गाला लागल्या. जेवायच्या सुट्टीत मी फोन बघत डबा खाते, म्हणजे एकटी आहे असं कुणाला वाटत नाही.

गिरणीवाल्यांनी मुलाखतीत दुसऱ्या वर्षाचे मार्क काढलेच. मी बॅडमिंटनचं खरं ते सांगून टाकलं. त्यांनी विचारलं, जिंकलीस तरी का. हरले म्हटल्यावर हसले. काय समजायचं ते देव जाणे.

माया कर, पण जरा कामाचंही लिही.

तुझी,
भिंगरी


ता. १५ डिसेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

गिरणीची शाळा बघितली. शनिवारी पहाटेच्या गाडीने गेले, रविवारी संध्याकाळच्या गाडीने परत आले. थंडी मरणाची. फलाटावरचा वारा कानात शिरतो तो दोन दिवस निघत नाही.

तू सांगितलंस ते सगळं विचारलं. शिकता शिकताच सहा महिने एखाद्या कंपनीत काम करायला पाठवतात, ते सक्तीचं आहे. मला शाळा दाखवणारी मुलगी पंचावन्न टक्क्यांची होती. आता विमा कंपनीत गुंतवणुकीच्या खात्यात लागली आहे. शिक्षक बोलायला साधे. इमारत जुनी, जिने दमवतात.

लांब मात्र फार आहे. आजारी पडलीस तर पाच तास मी काय करू? शेवटी शाळा कुठलीही असो, शिकणारं माणूस महत्त्वाचं. काचेची काही वाईट नाही. मागची खोली मोकळी केली आहे, खिडकीला नवा पडदा लावला. तुला निळा आवडायचा ना?

तब्येतीला जप आणि मलाही मनात ठेव.

तुझी,
मावशी


ता. २० जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

दोन्हीकडून होकार आला. बाबा पेढे वाटल्यासारखे सगळ्यांना सांगत सुटलेत. आई म्हणते, विचार कसला करतेस, मावशीकडे जा, घरचं माणूस आहे. फेब्रुवारीअखेर एकीला हो कळवायचंय.

तुझं मागचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. वारा आहे, जिने आहेत, पडदा आहे. तू अख्खा रविवार तिथे काढलास आणि पत्रात रविवार नाही. कँटीनचं नावसुद्धा नाही. तू विचारायची राहिलीस हे सूर्य पश्चिमेला उगवला तरी मला पटायचं नाही.

मी रागावले नाही. मलाही निळा पडदा हवाय. तू तिथे एकटी आणि मी पाच तासांवर, या विचाराने घास उतरत नाही. तू ये म्हणालीस तर मी काचेच्या शाळेला हो म्हणेन, पुन्हा त्याबद्दल बोलणार नाही. फक्त एवढं सांग, रविवारी तिथे काय होतं?

लोभ कमी होणार नाही, खरं लिही.

तुझी,
भिंगरी


ता. ५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पकडलंस. ऑडिट शिकलीस खरी.

रविवारी तिथलं स्वयंपाकघर उघडं असतं. मुलंच रांधतात. गाडीला वेळ होता म्हणून मी कोपऱ्यात बसले होते. एकाने मी कोण, कुठली काही न विचारता माझ्या हातात सुरी आणि बटाटे दिले. मी सोलले. मग लांबलचक टेबलावर सगळ्यांबरोबर जेवले. एका पोराच्या चष्म्याची दांडी निखळली होती, ती बसवून दिली. रविवारी कुणाबरोबर बसून जेवले त्याला किती काळ झाला ते आठवेना. गाडीत रडत आले. हे लिहिलं तर तू तिकडेच जाशील, हे कळत होतं. म्हणून नाही लिहिलं.

तुझं पत्र आल्यावर परवा पुन्हा काचेच्या शाळेत गेले. बिल्ला लावला आणि या वेळी नोकरीचंच विचारलं. पुन्हा तेच फोटो. मागच्या वर्षीच्या एका मुलाचं नाव सांगा म्हटलं तर सांगता येईना. बडा घर पोकळ वासा. तू इथे आलीस तर माझा रविवार भरेल आणि तुझं वर्ष वाया जाईल. मी तुझी मावशी आहे, वैरीण नाही.

गिरणीला आजच हो कळव. शिवणयंत्र परत मागच्या खोलीत ठेवलं, खालच्या बिऱ्हाडातल्या माणसाने हात लावला. पडदा आहे तसाच आहे, सुट्टीत येशील तेव्हा असू दे.

आणि एक ऐक. तिकडे गेलीस की रविवारी मला पत्र लिहीत बसू नकोस. खाली जा, चार पोरांत बस, बटाटे सोल. पत्र सोमवारी लिही. गुरुवारपर्यंत माझ्याकडे पोचेल. मी ते फोडणार नाही, रविवारपर्यंत ठेवीन.

तुझी,
मावशी