कमेंटखाली दिलेला पत्ता

११ फेब्रु.
मेंढपाळ काशीबाईची बातमी पोर्टलवर लागली. नांदूरघाटच्या शिवारातून त्यांच्या आठ मेंढ्या चोरट्यांनी पिकअपमध्ये घालून नेल्या. बाई आधी बोलायलाच तयार नव्हती. नवरा, नामदेव, काठीनं माती उकरत बसलेला. शेवटी म्हणाली, "छापा दादा. भिऊन काय मेंढ्या माघारी येत्यात व्हय?" फोटोही काढू दिला. लई दिवसांनी बातमीसारखी बातमी केली.

१२ फेब्रु.
कमेंटा वाचल्या. झक मारली आन् वाचल्या. "दुसऱ्याचं रान फुकट चारतात, बरं झालं." "बाई नाटकी दिसते." "पत्रकाराला पाकीट पोचलं वाटतं."
संपादकसाहेबांचा फोन. "झकास! उत्तरं देत राहा, वाचक थांबतो." म्हणलं, साहेब, बाईला शिव्या घालायलेत लोक. "घालू द्या. तुम्ही उत्तरं द्या."
एक मात्र भला माणूस निघाला. "आमच्या रानात मेंढ्या बसवायच्यात. सध्या कुठं हायत?" जीव गार झाला. लेंडीखतासाठी कुणी मेंढ्या रानात बसवून घेतल्या की मोबदल्यात त्यांच्या ज्वारीची सोय होते. लगेच कमेंटखाली लिहिलं: नांदूरघाटच्या पुढं, पडक्या विहिरीच्या वरचं रान, रविवारपर्यंत. एवढ्या घाणीत एक तरी काम चांगलं झालं.

१५ फेब्रु. महाशिवरात्र
परळीला ड्यूटी. दर्शनाच्या रांगेचे फोटो काढत होतो, काशीबाईचा फोन. पहाटे तीच पिकअप परत आली. निम्म्या मेंढ्या गेल्या. नामदेव आडवा गेला तर डोक्यात लोखंडी पाना घातला. "ह्ये मला वळखंनात, दादा." गर्दीत नीट ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा विचारलं. पुन्हा सांगायला लावलं बिचारीला.
फोन ठेवला आणि ती कमेंट आठवली.

१६ फेब्रु.
भल्या माणसाचं खातं गायब. प्रश्नही गायब. माझं उत्तर तेवढं तिथं, नावासकट. पुसून टाकलं. मग वाटलं, पुसलं कावून? पोलिसांना उपयोग झाला असता. अक्कल गहाण ठेवलीय मी.
साहेबांना सांगितलं. "कुठं बोलू नका, पोर्टलचं नाव येईल." आणि त्याच दमात, "हल्ल्याची बातमी कधी देताय?"

१७ फेब्रु.
दवाखान्यात गेलतो. नामदेवचं डोकं बांधलेलं, नजर छताला. काशीबाईनं माझ्यासाठी चहा मागवला. माझ्यासाठी! म्हणाली, "आमचा ठिकाणा त्यांला कुणी सांगितला असंल हो? गावातलं कुणी न्हाई सांगायचं. तुमी पेपरवालं, तुमीच हुडका."
अगदी तोंडाशी आलं होतं. चहा पिऊन निघून आलो. लाज वाटते लिहिताना.

१८ फेब्रु.
बातमी चारदा लिहिली. "मेंढपाळांचा ठावठिकाणा चोरट्यांना कसा समजला, हे..." दर वेळी इथंच अडतंय. घरी हिला वाचून दाखवलं. म्हणाली, "कसा समजला म्हणजे? तुम्ही सांगितला. तेवढं लिहा की." तिच्यावर खेकसलो. तिचं काय चुकलं?
खाली कमेंटा येतील तेव्हा लोक काय काय म्हणतील तेच डोक्यात. वीस वर्षं बातम्या केल्या, असं भेव कधी वाटलं नव्हतं.

२० फेब्रु.
सकाळी काशीबाईचा फोन. नामदेव एखाददुसरा शब्द बोलायलाय. उरलेल्या मेंढ्या घेऊन दीर धारूरच्या घाटाकडं निघालाय.
म्हणलं, काशीबाई, तुम्हाला एक सांगायचं होतं.
"आधी माझं ऐका." आणि कुणाचं रान, कोणता ओढा, किती दिवस, सगळं सांगितलं. "तुमच्या त्या मोबाइलात टाका, दादा. कुणाला मेंढ्या बसवायच्या असल्या तर कळंल. तुमच्याबिगर भरवसा कुणावर ठेवावा?"
फोन कट.
सवयीनं ठिकाण कागदावर लिहून घेतलं होतं. कागद फाडला. परत फोन लावला, उचलला नाही. बातमी अजून त्याच ओळीवर.
दवाखान्यात निघालोय. बाहेरूनच नाही फिरायचं माघारी. आत जाऊन आधी तिला सांगायचं, की त्यांचा ठिकाणा...