बारा किलो जास्त

९ मार्च २०१३, शनिवार

शेवटचा हात मारला! पिवळा, तिसरा थर. बाबा म्हणाले, "हेडविका, दोन पुरे. रंगालाही वजन असतं, पोरी." ऐकतंय कोण! सात वर्षं गॅरेजमध्ये हे विमान घडवलं, मग त्याने नटायचं नाही?

११ मार्च

धडकी भरलीय. हलक्या विमानाची मर्यादा चारशे साडेबहात्तर किलो – विमान, दोन माणसं, पेट्रोल, पॅराशूट, सगळं धरून. त्या हिशेबाने आमचं रिकामं विमान पॅराशूटसकट २९८च्या आत हवं. नाहीतर कागदावर एकच आसन. मग बाबांना घेऊन कशी उडणार? जन्मभर लोकांना विमान शिकवलं त्यांनी, मलाही. हृदयाचं ऑपरेशन झालं आणि परवाना गेला. सात वर्षं जमिनीवर आहेत. हे सगळं त्यांच्यासाठीच चाललंय ना!

२४ मार्च

बाबांनी क्नेडलिक, ते पिठाचे उकडलेले गोळे, सोडलेत. रविवारी! भाजलेल्या डुकराबरोबर नुसता आंबट कोबी. "दोन किलो उतरलो," म्हणाले. मीही बिअर अर्ध्यावर आणलीय. घरात दोघंही चिडचिडे.

६ एप्रिल

क्लबचा अध्यक्ष झ्बिनेक हे ऐकून खो खो हसला. "अगं वेडे, नियमातलं माणूस ठरावीक वजनाचं असतं. तुझे बाबा वाळून काडी झाले तरी विमान तेवढंच!"

मग हळूच म्हणाला, "डबी घेऊन जा." डबी म्हणजे पॅराशूटची. अख्ख्या विमानाला झेलणारं पॅराशूट, तेरा किलोंचं. वजनाच्या दिवशी ते काढायचं आणि रिकामी डबी बसवायची. क्लबची एक डबी याच कामासाठी घरोघर फिरते. आमच्याकडचं एकही विमान कागदावर लिहिलंय तितकं हलकं नाही!

बाबांना सांगितलं. त्यांनी जेवताना पाच क्नेडलिक खाल्ले.

२० एप्रिल

वजन झालं. तीन चाकांखाली तीन काटे. निरीक्षक शेबेस्ताबाई चष्मा पुसत आकडे लिहीत होत्या. २९७! मी झ्बिनेकला डोळा मारला.

तेवढ्यात बाबा – "बाई, जरा थांबा. डबी रिकामी आहे. पॅराशूट आमच्या गाडीच्या डिकीत राहिलं." आणि स्वतः उचलून आणलं!

३१०. बारा किलो जास्त. सगळा रंग खरवडला तरी भागत नाही.

"एकच आसन देता येईल, कुबीचेकसाहेब. वाईट वाटतं," बाई म्हणाल्या. बाबा म्हणाले, "लिहा."

गाडीत मी किंचाळलेच. "सात वर्षं, बाबा!" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "खोट्या वजनावर मी कुणाला चढवलं नाही कधी." बोलणं बंद.

२३ एप्रिल

मी अजून बाबांशी बोलले नाही. बाबांनी उजवं आसन काढून टाकलं. वर शीळ घालतायत! संताप नुसता.

१८ मे

उडाले! एकटीच. काय गुणी विमान आहे! कुठे खेचत नाही, कुठे अडत नाही. वर गेल्यावर सवयीने उजवीकडे बघितलं आणि रडू फुटलं.

उतरल्यावर बाबांनी घट्ट मिठी मारली. मग प्रश्नच प्रश्न. वळताना जड वाटतं का? टेकताना नाक कसं राहतं? इंजिनच्या किती फेऱ्यांवर उचललंस? राग कुठल्या कुठे गेला. मर्यादा वाढवायचं वरती चाललंय म्हणे. वाढेल! तोवर आसन माळ्यावर जपून ठेवते.

२ जून

सकाळी धावपट्टीजवळ बाबांनी खिशातून दोन कागद काढले. डॉक्टरांचा दाखला. आणि परवाना – नवा! कधीपासून चाललं होतं हे?

"दुसरं आसन असतं, तर तू मला एकट्याला जाऊ दिलं असतंस?"

नसतं जाऊ दिलं.

बाबा आता वर आहेत. मी गवतात बसून लिहितेय.