नानांची खुर्ची

वृंदावन योजना, लखनौ
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय अभिराम,

अनेक आशीर्वाद. इकडे थंडी सुरू झाली, तुझ्या मीनाक्षीवहिनीने रजया उन्हात घातल्यात. नानांचं प्लास्टर पुढच्या महिन्यात निघेल. डाव्या हाताने सांडत जेवतात, पण भरवू देत नाहीत.

फोनवर तू रडलास, तेव्हापासून लिहायचं मनात होतं.

दिवाळीत तू नानांची कुरकुरणारी खुर्ची उलटी केलीस, सैल सांध्यात पाचर ठोकलीस, दोन स्क्रू आवळलेस, मेण चोळलंस. आवाज बंद! दोन वर्षं मी त्याच सांध्यात खोबरेल सोडत होतो. वेदिका म्हणाली, "पापा, काका ने आधे घंटे में कर दिया!" तू पुण्याला परतल्यावर नाना दूधवाल्यालासुद्धा बोलावून सांगत होते, "छोटे ने बनाई है, बैठ के देखिए." आणि मला म्हणाले, "मधू, तू नुसतं तेल ओतत बसलास."

सहा वर्षं नाना माझ्याकडे आहेत. त्यांची नखं मी कापतो, आंघोळीला पाठ मी चोळतो. ते दूधवाल्याला कुणी सांगत नाही.

मला तुझा हेवा वाटला, अभिराम. लहानपणीही वाटायचा, पण इतका कधीच नाही. तू गेल्यावरच्या रविवारी दुपारी नाना झोपले होते. मी दोन्ही स्क्रू ढिले केले आणि पाचर उपटून काढली. खुर्ची पुन्हा कुरकुरावी, एवढंच हवं होतं. शपथ घेऊन सांगतो, एवढंच.

चहाला नाना उठून खुर्चीत बसले आणि खुर्चीचा पाय निसटला. ते मनगटावर पडले.

हाड बसवताना ते डॉक्टरांना म्हणाले, "छोटे का काम कच्चा निकला." मी शेजारीच उभा होतो. काय वाटलं सांगू? बरं वाटलं. नंतर तू फोनवर म्हणालास, "दादा, माझ्यामुळे नाना पडले. यापुढे हत्याराला हात लावणार नाही." आणि मी, मी तुला मोठ्या मनाने म्हणालो, "जाऊ दे रे, होतं असं."

आज सकाळी नानांना सगळं सांगितलं. त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "त्याला फोन करू नकोस, फोनवर तू गुळमुळीत बोलशील. लिही." दुपारी आंघोळीला पाठ चोळायला गेलो, तर मला नको म्हणून त्यांनी मीनाक्षीला हाक मारली.

तुझं काम पक्कं होतं. नाना माझ्यामुळे पडले.

खाली 'तुझा दादा' लिहायला हात धजत नाही. ते लिहायचं की नाही, तू कळव.

मधुकर