टूनगॅबीतलं प्राग

१९ ऑगस्ट २०२१, गुरुवार

आजवर या वहीत मी 'हवा खराब' असं लिहीत आले. भूगोलाच्या बाईला शोभेलसं. आता पुरे. मंदारने केतकीला मारलं. माझ्या मुलाने, माझ्या सुनेला. उजव्या हाताने, कानाखाली. मी समोर बसून मटार सोलत होते.

कारण म्हणावं तर विमान कंपनीचा मेल. प्रागचं बुकिंग दुसऱ्यांदा रद्द, कारण ऑस्ट्रेलियातून बाहेर पडायलाच बंदी. गेल्या वर्षी मी इथे आले ती दोन महिन्यांसाठी. परतताना चार दिवस प्राग दाखवून मला ठाण्याला सोडणार होता. ऑफिसच्या कामाने एकदा गेला होता तिथे, तेव्हापासून 'आई, तुला दाखवायचंच' असं चाललेलं. मग सगळं बंद झालं आणि पाहुणी म्हणून आलेली मी मुलाच्या घरातच अडकले.

केतकी एवढंच म्हणाली की जाऊ दे ना, पुढच्या वर्षी जाऊ. एवढ्यावर.

नंतर माझ्या गुडघ्यांना तेल लावायला आला. रोज लावतो, न चुकता. हात छान ऊबदार आहेत त्याचे. मी पाय मागे घेतला नाही.

यांनी उभ्या जन्मात माझ्यावर हात उचलला नाही. त्यामुळे बापाचं बघून शिकला म्हणायचीही सोय नाही.

२० ऑगस्ट, शुक्र.

डोक्यावर पुन्हा पोलिसांचं हेलिकॉप्टर. सोमवारपासून आमच्या भागात रात्रीची संचारबंदी, व्यायामाला फक्त तासभर. टीव्हीवर अकराची पत्रकार परिषद लागली होती. घराबाहेर पडायची कारणं सांगत होते: वाणसामान, औषध, कुणाची सेवा. आणि घरातच धोका असेल तर बाहेर पडायला कसलीही बंदी नाही, असंही म्हणाले. के. भांडी विसळत होती, तिने नळ बंद केला. मी टीव्हीकडेच बघत राहिले, ती सिंककडे.

मं. दुपारी जिन्यावरून उड्या मारत खाली. रजा मंजूर आहे, सोम-मंगळ, मग प्राग घरीच करायचं! मूळ कार्यक्रमाप्रमाणे चार दिवस. लोकांनी चालत चालत काढलेले व्हिडिओ मोठ्या टीव्हीवर लावायचे, आपण कोट-बूट घालून बसायचं, जेवणही तिकडचंच. के.ला म्हणाला, तोंड पाडून बसायचं नाही.

मला हसू आलं. खरंच आलं. लहानपणी गादीची होडी करायचा तसाच चेहरा होता. माया काय बटण दाबून बंद होते का?

२१ ऑगस्ट, शनि. प्राग, दिवस पहिला

वर्षानुवर्षं फळ्यावर युरोपच्या नद्या काढल्या. एल्बला मिळणारी व्हल्टावा काढताना हात कधी थांबला नाही, पण ती डोळ्यांनी पाहीन असं वाटलं नव्हतं. आज पाहिली, टूनगॅबीतल्या या घरात, कोट घालून, पायांत बूट. पाणी हिरवट आहे. गावाची कौलं लाल, आपल्या कोकणातल्यासारखी.

जुना चौक. भिंतीवरचं ते प्रसिद्ध घड्याळ. तास झाला की बाजूचा सांगाडा दोरी ओढतो, घंटा वाजवतो आणि वरच्या खिडकीतून संत फिरून जातात. मं. सगळं थांबवून थांबवून सांगतो. चांगलं सांगतो, मास्तर झाला असता. चौकातल्या फरशीवर पांढरे क्रॉस आहेत, सत्तावीस. तेवढ्या सरदारांना तिथे मारलं होतं. मुंडकी कुठे टांगली तेही त्याने सांगितलं, दोनदा.

पुण्याला कुंदाला, म्हणजे माझ्या बहिणीला, व्हिडिओ कॉल लावला. कुंदाचे डोळे भरून आले. "ताई, नशीब काढलंस. असा मुलगा हवा." मग म्हणाली, केतकी, मफलर छान गं. के. हसली. मफलर कशासाठी आहे ते टूनगॅबीत तिघांनाच ठाऊक.

जेवायला बटाट्याचं सूप आणि उकडलेले मैद्याचे गोळे. के.ने व्हिडिओ बघून केले. गोळे पाण्यात फुटले, लापशी झाली. मं.ने तिची मान मागून धरली आणि तोंड ताटलीजवळ नेलं. मग ताटलीत. सूप गरम होतं. "हे खाण्यासारखं आहे का? सांग ना." मी 'मंदार' म्हटलं. लगेच सोडलं. माझ्याकडे वळून अगदी मऊ आवाजात, "आई, तुला नाही गं काही."

तिच्या हनुवटीला कोरफड लावली. ती म्हणाली, गोळ्यांत रवा घालायला हवा होता. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, रव्याचं काय घेऊन बसलीस?

२२ ऑगस्ट, रवि. दिवस दुसरा

सकाळी मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना के. बोलली. चादर मध्ये धरून, ओठ न हलवता. मैत्रीण ब्रिस्बेनला स्प्रिंगफील्ड लेक्सला आहे, ती ये म्हणते, पण तिकडची, क्वीन्सलँड राज्याची, हद्द बंद. इथल्या मदतीच्या नंबरवर बोलली आहे. मंगळवारी एक खोली मिळेल. कुठे तेही तिने सांगितलं. इथे लिहीत नाही. तिची बॅग माझ्या कपाटात, साड्यांच्या मागे.

"आई, तुम्ही मला अडवणार नाही ना?"

मी चिमटे लावत राहिले. मग नाही म्हटलं. माझ्याच मुलाचं घर मोडायला माझंच कपाट.

कुंपणापलीकडे बेव्ह उभी होती, शेजारची म्हातारी. झाडाची लिंबं देते नेहमी. "यू राइट, लव्ह?" ठीक ना, असं दोघींपैकी कुणाला विचारलं कळलं नाही. दोघी 'ऑल गुड' म्हणालो.

दुपारी चार्ल्सचा पूल. दोन्ही कठड्यांवर काळपट पुतळे. एका संताच्या पुतळ्याखालची पितळी पाटी लोकांनी हात लावून लावून लख्ख केली आहे. मं.ने व्हिडिओ थांबवला. गोष्ट अशी: राणी या पाद्र्याला आपल्या मनातलं सांगायची. राजाला संशय. राजाने विचारलं, ती तुला काय सांगते? पाद्री बोलला नाही. छळ केला, तरी बोलला नाही. मग याच पुलावरून नदीत टाकला.

सांगून झालं, आणि रिमोट हातात तसाच धरून, लाडात येऊन मला म्हणाला, "आई, के. तुला काय सांगते गं? सकाळी बराच वेळ चाललं होतं."

त्याला काय सुचलं ते त्याचं त्याला तरी कळलं का, देव जाणे. के. पायांतल्या बुटांकडे बघत होती.

मी म्हटलं, लिंबाचं लोणचं कसं घालायचं विचारत होती.

"बघ," तो तिला म्हणाला, "आई कधी खोटं बोलत नाही." आणि रिमोट तिच्या कपाळावर मारला. सेल उडून सोफ्याखाली गेले. का मारलं? काही का नाही. खाली वाकून सेल शोधले तेही तिनेच.

२३ ऑगस्ट, सोम. दिवस तिसरा. संध्याकाळ

आज लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

आज किल्ला होता. किल्ल्यातली एक खोली, त्यातली ती खिडकी. चारशे वर्षांपूर्वी चिडलेल्या लोकांनी राजाच्या माणसांना तिथून खाली फेकलं. तिघं पडले, तिघंही वाचले. खाली शेणाचा ढीग होता असं म्हणतात. के.ने विचारलं, खरंच ढीग होता का? नुसतं विचारलं. दोन दिवसांत त्याच्यासमोर पहिल्यांदा आपणहून काही बोलली होती पोरगी.

"चल, दाखवतो," म्हणाला. दंडाला धरून जिन्यावरून वर ओढत नेली. माझे गुडघे. मी वर पोचेपर्यंत त्याने खिडकीची मच्छरजाळी उपटून खाली टाकली होती आणि के. कमरेपर्यंत बाहेर होती. हात कशालाही धरत नव्हते, नुसते हवेत. खाली सिमेंटची वाट. तो हसत होता. "इथे शेण नाही ना पण, मॅडम." मी मागून त्याचा शर्ट धरला आणि ओढला, म्हातारीत जेवढा जोर असतो तेवढा. बटण तुटलं. त्याने तिला आत घेतलं, जमिनीवर टाकलं आणि मग लाथ. पोटात. एक माझ्या समोर, एक मी मध्ये पडायच्या आत.

मग म्हणाला, "आई, जोक होता. तू पण ना."

अर्ध्या तासाने दारात पोलीस. बेव्हने बोलावले. जाळी तिच्या डोळ्यांसमोर खाली पडली. खोटं कशाला लिहू, पहिला विचार आला तो असा: मेलीला काय नसत्या चौकश्या!

एक बाई, एक बुवा, दोघांना मास्क. बुवा के.शी वर जाऊन बोलला. बाई माझ्याशी, दारात. मं. माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा. म्हणाला, मम्स इंग्लिश इज नॉट ग्रेट. बाईने त्याला बाजूला व्हायला सांगितलं. तो दोन पावलं सरला. ती वाकून हळू विचारते, इथे सगळे सुरक्षित आहेत ना?

मला इंग्रजी येतं. सरकारी शाळेतलं असलं तरी येतं. मी त्याच्याकडे बघितलं. बटण तुटलेला शर्ट, घामेजलेलं कपाळ. लहानपणी तापात असाच दिसायचा. मी म्हटलं, "येस, येस. ऑल गुड."

वर के.ने सांगितलं, जाळी पुसताना तोल गेला.

पोलीस कार्ड देऊन गेले. मं.ने ते फाडलं आणि चहा टाकला, तिघांचा. के. माझ्या खोलीत आली, पोट धरून. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "आई, तुम्ही सांगितलं असतंत तर मीही सांगितलं असतं."

पुलावरचा तो माणूस गप्प राहिला म्हणून लोक त्याला हात लावतात. पण तो राजासमोर गप्प राहिला होता. मी राजासाठी गप्प राहिले. उलटंच केलं सगळं.

२४ ऑगस्ट, मंगळ. दिवस चौथा

सकाळी मं. खुशीत. आज शेवटचा दिवस, आई म्हणेल ते बघायचं. मी म्हटलं, पूल पुन्हा लाव.

त्याआधी धुणं. कपड्यांच्या टोपलीत खाली बॅग, वर ओल्या चादरी. टोपली उचलताना कमरेत उसण भरली, भरू दे. बेव्ह कुंपणाशीच होती. मी तिच्याशी दोन वाक्यं बोलले, आज नीट इंग्रजीत. तिने काही विचारलं नाही. बॅग वरून उचलून घेतली आणि मोठ्याने म्हणाली, थँक्स फॉर द लेमन्स. लिंबं तिचीच.

पूल सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि ऑफिसचा फोन. काहीतरी बंद पडलं होतं. मं. शिव्या घालत वर गेला, दार लावलं, वरून कुणावर तरी ओरडण्याचा आवाज. मी टीव्हीचा आवाज वाढवला. पुलावर कुणीतरी व्हायोलिन वाजवत होता, खूप माणसं बोलत होती, कुठली कुठली भाषा. के. उठली. प्रागचे बूट पायांत होतेच. वाकून पाया पडायला लागली तर मी तिला ढकललीच, म्हटलं, पळ आता, नाटकं नकोत. धुण्याच्या खोलीच्या दाराने गेली. बेव्हच्या गाडीचा आवाज आला, मग तोही नाही.

मी तशीच बसून राहिले. कोट घालून, एकटी, पुलावर. ती लख्ख पाटी आली तेव्हा उठले आणि टीव्हीच्या काचेला हात लावला. वेडेपणा.

मग तो खाली आला.

के. कुठे आहे? मी म्हटलं, मला विचारू नकोस. वरखाली फिरला, कपाट उघडलं तिचं. परत आला. अजून मऊ बोलत होता. "आई, तुला माहीत आहे ना? मग सांग ना." माहीत आहे, मी म्हटलं. सांगणार नाही.

माझं मनगट धरलं. तेल लावणारा हात. पिरगळलं. बांगडी फुटली, काच आत गेली. मला दुखलं त्यापेक्षा आश्चर्य जास्त वाटलं. काय पण शहाणी, दीड वर्ष समोर बघत होते आणि वाटायचं, मला नाही करणार.

त्याचा फोन वाजला म्हणून सुटले. आता माझ्या खोलीत आहे. दाराला आतून कडी नाही, या घरांना नसतेच. खुर्ची लावली आहे आणि खुर्चीवर मी. पाठीवर धक्के बसतायत, अक्षर हलतंय.

आधी "आई, दार उघड" चाललं होतं. मग लाथ. मग, "ए बाई, उघडतेस की तोडू?" ए बाई. माझ्या पोटचा.

फोन मांडीवर आहे. काल तोंडातून निघालं नाही ते आधी लिहून बघते, म्हणजे अडखळणार नाही. माय सन बीट्स हिज वाइफ. हे जमलं. टुडे ही हर्ट मी. ही इज आउटसाइड माय डोअर. हेही जमलं. नाव विचारतील. त्याचं नाव मीच ठेवलं होतं, यांना दुसरं हवं होतं.

तीन शून्यं दाबली. वाजतोय.

लागला. बाई विचारतेय, पोलीस, फायर की ॲम्ब्युलन्स.

बाहेर धक्के थांबले. खाली बसलाय बहुतेक, दाराला टेकून. पुन्हा आई म्हणतोय.