घरच्या वापराच्या सहा गाड्या

४ मार्च, सकाळी

कर खात्याचे पत्र आले. दोन वर्षांत सहा जुन्या गाड्या घेऊन विकल्यात, हा धंदा आहे का, असे विचारले आहे. कागद घेऊन बोलावले आहे. पत्र उभ्याने वाचले, मग बसून वाचले. अर्थ तोच. नाडी पाहिली. सापडेना. मग सापडली, फार जोरात होती.

धंदा कसला? मी घरच्या वापरासाठी गाडी घेतो. पटली नाही तर विकतो. सहाच्या सहा पटल्या नाहीत, यात माझा काय दोष?

हिला सांगायचे नाही. उगाच काळजी करील.

४ मार्च, दुपारी

हिने पत्र आधीच वाचले होते. काळजी वगैरे केली नाही. गुडघ्यांचे पैसे कुठे आहेत, एवढेच विचारले. दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनला ठेवलेल्या पैशांतून मी पहिली गाडी घेतली होती. दुप्पट करून देतो म्हणालो होतो. पैसे सुरक्षित आहेत, असे सांगितले. फक्त सध्या ते अंगणात उभे आहेत. एक हिरवी आणि एक लांबडी.

ती म्हणाली, हिरवीला तर एक आरसाही नाही.

आजपासून गाडीबाजार बंद.

६ मार्च

गाडीबाजारात गेलो. निरोप घ्यायला.

७ मार्च

जावयाने एक करसल्लागार सुचवला. पोरगेलासा आहे, पण खुर्ची फिरती आहे. त्याचे म्हणणे असे. आपली वापरलेली गाडी विकली तर तो धंदा नव्हे. पण विकायच्याच हेतूने घेतली, रंगरंगोटी करून चार पैसे जास्त लावून विकली, आणि असे पुन्हा पुन्हा केले, तर तो धंदा. मग नफ्यावर कर. मी म्हणालो, माझा हेतू शुद्ध आहे. तो म्हणाला, हेतू पोटात असतो, खाते कागद बघते.

एकेक गाडी साधारण किती दिवस वापरता, असे त्याने विचारले. मी म्हणालो, गिऱ्हाईक मिळेपर्यंत. त्याने पेनाला टोपण लावले.

९ मार्च

उपाय सापडला. वापराचा पुरावा द्यायचा. विकलेल्या सहाही गाड्यांत बसून आपला फोटो काढायचा. फोटोपुढे कोणाचे काय चालते? हिला सोबत चल म्हणालो, कुटुंब दिसले पाहिजे. ती म्हणाली, कुटुंबाला जिना चढवत नाही, गाडीत चढउतार कुठून करू? शेवटी कुटुंब म्हणून डबा आणि पाण्याची बाटली घेतली.

१० मार्च

पांढरी एका मास्तरीणबाईंना विकली होती. दोन मिनिटे गाडीत बसू द्या म्हणालो. त्या आत गेल्या. मला वाटले पाणी आणायला. गिअरबॉक्सचे बिल घेऊन आल्या. अर्धे दिले. फोटोत त्या मागे उभ्या आहेत, हाताची घडी घालून. नात्यातल्या वाटतात, ते एक बरे झाले.

१२ मार्च

बेकरीवाला म्हणाला की तो मला वर्षभर शोधतोय. मी फोन नंबर बदलला होता, रेंजसाठी. बॅटरीचे पैसे दिले. त्याची गाडी विटांवर उभी आहे, चाके नाहीत. तरी फोटो काढला. घरच्या वापराला चाके लागतातच असे नाही.

१५ मार्च

सहा फोटो पूर्ण. प्रत्येक ठिकाणी काहीतरी द्यावे लागले. सगळ्याच्या पावत्या मात्र मागून घेतल्या. व्यवहारात मी पक्का आहे.

जावयाने सहाही फोटो ओळीने मांडले. मग म्हणाला, बाबा, दोन वर्षे तुम्ही एकच शर्ट घातलाय. मी म्हणालो, साधी राहणी. मग त्याने माझे लायसन्स संपून किती वर्षे झाली ते विचारले. जावयाने सासऱ्याला असले प्रश्न विचारू नयेत.

१८ मार्च

कर कार्यालयात गेलो. ही हट्टाने सोबत आली. म्हणाली, तुम्ही नको ते बोलाल. कार्यालय वरच्या मजल्यावर. ती जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबली. मी पुढे जाऊन थांबत होतो, तिला घाई वाटू नये म्हणून.

अधिकारी एक बाई. आमच्या लेकीच्या वयाच्या. विटांवरच्या गाडीचा फोटो त्यांनी उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला, बाजूला ठेवला. मग बेरजा करू लागल्या. निष्पापपणा दिसावा म्हणून मी एकेक पावती पुढे सरकवत होतो. रंग, टायर, मिस्त्री, गिअरबॉक्स, बॅटरी.

शेवटी म्हणाल्या, आजोबा, लक्षणे सगळी धंद्याचीच आहेत. पण सहाही गाड्यांत तोटा आहे. नफाच नाही, तर कर कशावर लावू? यापुढे हिशेब ठेवा, या आता.

तिथे उठायला हवे होते. मी म्हणालो, मॅडम, पुन्हा बघा. लाल गाडीत मी चांगले कमावले आहेत. त्यांनी पुन्हा बघितले. तोटा वाढला.

मग हिने शांतपणे विचारले की एकूण शिल्लक किती. बाईंनी माझ्याकडे पाहिले, मग तिला हळू आवाजात आकडा सांगितला. अंगणातल्या दोन गाड्या धरूनही एका गुडघ्याला कमी पडेल इतका.

उतरताना तिने कठडा धरला. मी हात पुढे केला होता.

१९ मार्च

रात्रभर झोप नाही. कर माफ झाला म्हणून नव्हे. एका शिकलेल्या बाईने मला तोट्यातला माणूस म्हटले. धंदेवाईक ठरवा, असे अपील करता येईल का, हे जावयाला विचारले. त्याने लेकीला फोन दिला. लेकीने मला ताप आहे का विचारले.

ही बोलत नाही. जेवण वेळेवर वाढते. ते जास्त वाईट.

२४ मार्च

फाटकावर पुठ्ठा लागला आहे. गाड्या विकणे आहे, बोलणी घरातल्या बाईंशी करावी. मला आत बसायला सांगितले आहे.

एक नळदुरुस्तीवाला लांबडी बघायला आला. मी खिडकीआडून ऐकले. ती म्हणाली, भाऊ, यांनी घेतलीय म्हणजे खोट असणारच. ब्रेक उशिरा लागतो, मागे पाणी गळते, डिकी लाथ मारल्याशिवाय उघडत नाही. मी कानांवर हात ठेवले. हात काढले तेव्हा तो हसत होता. जुनी गाडी विकणाऱ्याला इतके खरे बोलताना पहिल्यांदा ऐकले, म्हणाला. घासाघीस केली. ही जागची हलली नाही. पैसे मोजून गाडी घेऊन गेला.

२६ मार्च

त्याच्या मेव्हण्याने हिरवी नेली. आरशाशिवाय.

२८ मार्च

दोन्हींत नफा. मी चारदा बेरीज केली. नफाच येतो. एका गुडघ्याचे जमले, तारीख मिळाली. दुसऱ्याचे नंतर बघू, डॉक्टर म्हणाले.

हिने सल्लागाराला स्वतः फोन केला. तो म्हणाला, हे असेच चालू ठेवणार असाल तर धंदा म्हणून नोंदवा, नफ्यावर कर भरा. ती बरं म्हणाली. नोंद तिच्या नावावर करायला सांगितली.

दवाखान्यातल्या नर्सला छोटी गाडी हवी आहे म्हणे. उद्या ही गाडीबाजारात जाणार आहे. मलाही नेते आहे, पिशवी धरायला. तिथे तोंड उघडायचे नाही, या अटीवर.