मधली खुंटी

२९ एप्रिल १८६७
आज दुसरी फुली पडली. शाळेत पोचलो तर पाढे म्हणून झाले होते, आणि सगळे माझ्या चिखलाच्या पायांकडं बघत होते. पेल्टनबाईंनी हजेरीत माझ्या नावापुढं फुली मारली. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तीन फुल्या झाल्या की संपलं. जूनअखेरपर्यंत ज्याच्या तीन होणार नाहीत, त्याला बाई चार्ल्स्टनच्या मोठ्या शाळेत पाठवणार. तिथं शिकून मास्तर होता येतं. आमच्या बेटावर आम्हा काळ्या लोकांतला एकही मास्तर नाही. मला व्हायचंय. झालं, लिहून टाकलं! तोंडानं सांगायची सोय नाही, लोक हसतात.

दोन महिने जायचेत आणि फुली उरलीय एकच.

३० एप्रिल
काल डोकं फिरलं होतं. अडचण अशी आहे — शाळा भरते दुपारी बाराला, आणि त्याआधी शेतातला माझा तुकडा तण काढून साफ व्हायला लागतो. हा लायमस काकाचा नियम. आईनं आम्ही गुलामीतून मोकळे झाल्यावर त्याच्याशी लग्न केलं. माझा बाप मी रांगत असतानाच विकला गेला, कुठं ते कुणालाच ठाऊक नाही.

रोज उजाडताना काका त्या दिवसाच्या पट्ट्यात शेताच्या कडेपासून पस्तीस पावलं टाकतो आणि मधली खुंटी ठोकतो. खुंटीच्या अलीकडं माझ्या एकवीस सऱ्या, पलीकडं दुसऱ्या कडेपर्यंत त्याच्या एकवीस, तेवढ्याच लांब. "तुकडा झाला की तू राजा," म्हणतो. "मग पुस्तक वाच नाहीतर खेकडे धर. पण अर्धा टाकून पळालास तर ती वही चुलीत जाईल."

मालकाच्या काळातही असंच होतं. तुकडा संपला की उरलेला दिवस आपला. मालक उत्तरेकडच्या फौजेच्या बंदुका ऐकून पळाला त्याला सहा वर्षं होत आली. जमीन आता आमची, दहा एकर. तरी काका तेच धरून बसलाय. विचारलं तर म्हणतो, "मालक वाईट होता. माप वाईट नव्हतं."

त्याच्या पावलांचा त्याला भारी तोरा. आई सांगते, मालकाच्या वेळीही तुकडे तोच पावलांनी मोजायचा. मुकादमानं एकदा त्याला बायकांचे तुकडे गुपचूप वाढवून मोजायला सांगितलं होतं. काका नाही म्हणाला आणि पाठीवर चाबूक खाल्ला. म्हणून आजही बेटावर कुठं हद्दीवरून भांडण लागलं की लायमसला बोलावणं येतं. त्यानं पाऊल टाकलं की दोन्ही बाजू गप्प.

ते सगळं खरं. पण माझ्या शाळेच्या आड येतोय तो येतोयच.

२ मे
आईनं जेवताना काकाला फुल्यांचं सांगितलं. तो मक्याची कण्हेरी ओरपत म्हणाला, "दोन झाल्या? तिसरीपण घेऊन टाक की. सुटशील एकदाचा. मलाही शेतात दुपारची सोबत होईल."
माझी धाकटी बहीण फिबी खिदळली. पाच वर्षांची आहे, तिला काय कळतंय! मी ताट टाकून उठलो. मग मासा तळल्याचा वास आला म्हणून परत येऊन बसलो.

६ मे
वेळेवर पोचलो!!

९ मे
परत वेळेवर. ओळीनं चौथा दिवस. कारण मला कळलंय. मी कुदळीला धार लावली आणि दांडा जरा पुढं धरायला लागलो. अक्कल लागते प्रत्येक कामाला.

१४ मे
आज तर कमालच. माझा तुकडा झाला तेव्हा लायमस काकाच्या आठ सऱ्या बाकी! मी खुंटीपाशी उभा राहून म्हटलं, "काका, हात लावू का थोडा?"
"जा जा, विद्वान. गुडघा धरलाय माझा. नाहीतर दाखवलं असतं तुला."
गुडघा खरंच सुजलाय त्याचा. आई गरम पाला बांधते रोज. पण हरला तो हरलाच.

१९ मे
रविवार. प्रार्थनाघरात गोल धरून नाचलो, घाम घाम झालो. काका बाकावर बसूनच टाळ्या देत होता. एरवी सगळ्यात शेवटी थांबणारा गडी तो.

२१ मे
माझ्या बाकावर रीना मावशी बसते. साठीची आहे, डोक्याला लाल फडकं. वाचायला का शिकतेस विचारलं तर म्हणाली, "तो उपदेशक दर रविवारी देव असं म्हणाला, देव तसं म्हणाला करतो. देव खरंच म्हणाला, का हाच पदरचं घालतो, ते मला स्वतः बघायचंय."
'ब' ओळखू आला की खुशीनं मला कोपर मारते. माझी बरगडी काळीनिळी झालीय.

२२ मे
काल रीना मावशीचं लिहिताना एक आठवलं. मी आठ वर्षांचा असेन. मोठ्या घरात मालकाची पोरं शिकायला बसली की मी मोरपिसांच्या पंख्यानं माश्या हाकलायचो. एकदा पुस्तकात घोड्याचं चित्र होतं, मी वाकून बघितलं. शिकवणाऱ्यानं कान असा पिळला की रक्त आलं. "माश्या पुस्तकात नाहीत," म्हणाला.
त्या दिवसापासून मला अक्षरांची हाव सुटलीय. पुस्तकात इतकं काय लपवून ठेवलं होतं यांनी?

५ जून
महिना झाला, एकही फुली नाही. रीना मावशी म्हणते, "प्राइमस, तू मास्तर झालास की मला छडी मारू नकोस हं." म्हणजे तिला कळलंय! मी कुणालाच बोललो नव्हतो. चेहऱ्यावर दिसतं की काय माझ्या?

११ जून
आई काकाला म्हणाली, "आजकाल दिवस कलेपर्यंत शेतात असतोस. पोरगं दुपारीच मोकळं होतं, आणि तू?" काका म्हणाला, "म्हातारा झालोय, बायना. हात उठत नाही." मग माझ्याकडं बघून, "आणि तुझं पोरगं काय, वारं आहे वारं!"
पहिल्यांदाच चांगलं बोलला माझ्याबद्दल. खोटं कशाला लिहू, छाती फुगली.

२० जून
रीना मावशीनं आज आख्खं पान वाचलं आणि बाक बडवला. उपदेशकाची लबाडी सापडली म्हणे, पुस्तकात गाढव एकच होतं, तो तीन सांगायचा. बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

२६ जून
परवा शेवटचा दिवस. बाईंनी प्रत्येकाला फुटाफुटावर गाठी मारलेली दोरी दिली. घरचा तुकडा मोजायचा आणि किती भरला ते सांगायचं. "मोजाल तेच सांगायचं," बाई म्हणाल्या. "ऐकलेलं नाही."
मोजायचं काय त्यात? पस्तीस पावलं, काकाचं पाऊल तीन फुटांचं, म्हणजे एकशेपाच फूट. बेटावरचं शेंबडं पोरही सांगेल.

२७ जून
माझी सरी भरली चौऱ्याऐंशी फूट!

तीनदा मोजली. दोरी नवी आहे, गाठी बरोबर आहेत. एकवीस फूट कमी! सऱ्या मी रोज मोजायचो, एकवीसच्या एकवीस. लांबी मोजायची अक्कल कुणाला होती?

आधी जरा वाईट वाटलं. म्हणजे कुदळीची धार, दांडा पुढं धरणं, सगळं फुकट. वारं कसलं नि काय! पण मग ध्यानात आलं — गुडघा! काकाचं पाऊल आखडलंय आणि त्याला पत्ताच नाही. म्हणजे त्याचाही तुकडा तेवढाच तोकडा, आणि पलीकडच्या टोकाला दोघांचं मिळून बेचाळीस फूट रान महिनाभर तसंच माजलेलं असणार. अख्ख्या बेटाची हद्द मोजणारा माणूस!

उद्या त्याचा तुकडा मोजतो आणि जेवताना सगळ्यांसमोर सांगतो. आता कोण कुणाला माप शिकवतं बघू. आजचा दिवस लई भारी.

२८ जून
काका ओढ्यावर पाणी प्यायला गेला तेवढ्यात मोजलं. पलीकडच्या टोकापर्यंत गेलो. रान कुठंच नाही, सगळं साफ. माझी सरी चौऱ्याऐंशी. त्याची एकशेसव्वीस.

बांधावर बसून रडलो. शाळेत वेळेवर पोचलो. बाईंनी विचारलं, "प्राइमस, तुमचे तुकडे किती भरले?"

म्हटलं, एकशेपाच, बाई. दोन्ही.