बावीस वर्षांची राणी

प्रति,
मा. संचालक,
कीटक संशोधन केंद्र.

विषय : राणीमुंगीच्या मृत्यूबाबत खुलासा व उरलेल्या मुंग्यांबाबत विनंती.
संदर्भ : कारणे दाखवा नोटीस, दि. ४.

महोदय,

१. मी बावीस वर्षे मुंग्यांच्या खोलीत परिचर आहे. पेटी क्र. ४ मधील राणी माझ्या नेमणुकीच्या वर्षीच आणली होती. तेव्हाच्या विभागप्रमुख, दिवंगत मोठ्या मॅडम मला समजावून सांगत, "अहो, राणी आणि कामकरी यांची जनुकं सारखीच. अळी असताना काय खायला मिळतं, त्यावर कोणती जागी व्हायची ते ठरतं." कामकरी दोन वर्षांत संपते. राणी लाखो अंडी घालूनही थकत नाही. असे का, हेच शोधण्यासाठी ही राणी जपली होती.

२. शनिवारी दुपारी थंडावा देणारे यंत्र बंद पडले. वीजतंत्री म्हणाला, "सोमवारी चिठ्ठी घेऊन या." पेटी थंड तळघरात हलवू का, असे मी विभागप्रमुखांना फोनवर विचारले. ते म्हणाले, "लेखी परवानगीशिवाय पेटीला हात लावायचा नाही." मी ओली फडकी टांगली, पुठ्ठ्याने वारा घातला. रविवारी पारा एकेचाळीसवर गेला. सोमवारी सकाळी राणी हलत नव्हती.

३. नोटिशीत 'परिचराचा निष्काळजीपणा' असे म्हटले आहे. फोनचा उल्लेख नाही. विभागप्रमुखांना तो आठवत नाही. तथापि तळघराची किल्ली माझ्याच खिशात होती, आणि जिना अवघा अकरा पायऱ्यांचा आहे. नोकरी जाईल म्हणून मी भ्यालो. तेवढा दोष मला मान्य आहे. त्याची शिक्षा द्यावी.

४. राणीचे शव जनुकांच्या तपासणीस द्यावे, असा आदेश आहे. तापमानाची नोंद पाहून, उष्णतेने ते निकामी झाले असणार, असे तपासणी विभागाने कळवले आहे. मी ते पेटीतून काढलेले नाही. कामकरी तिला अजून चाटून स्वच्छ करतात, तोंडाशी घास नेतात. ही आदेशाची अवज्ञा आहे, हे मी जाणतो.

५. शुक्रवारी पेटीत उकळते पाणी ओतून खोली भांडारास द्यावयाची आहे. आता नवी अंडी नाहीत. शेवटची कामकरी फार तर दोन वर्षांत जाईल. तोवर पेटी माझ्या घरी नेऊन स्वखर्चाने सांभाळण्याची परवानगी मिळावी. या वेळी ती लेखी द्यावी.

६. नकार असल्यास पाणी ओतण्याचे काम दुसऱ्या कोणास सांगावे.

आपला नम्र,
(सही)
परिचर, मुंग्यांची खोली
दि. ६

सोबत : १) नोटिशीची प्रत. २) शनिवार-रविवारची तापमान नोंद, दर तासाची, माझ्या अक्षरात.